लहान संघाचा नवा हंगाम : विदर्भ, रणजी करंडक आणि नकाशांचा इतिहास

प्रस्तावना

प्रादेशिक अस्मितेचा इतिहास शिकताना आपण सहसा राज्य पुनर्रचना, भाषावार प्रांतरचनेची चळवळ, करार आणि आयोग यांचा अभ्यास करतो. या टिपणात त्याच प्रश्नाकडे एका वेगळ्या वाटेने जायचे आहे. ही वाट क्रिकेटच्या मैदानावरून जाते. रणजी करंडक स्पर्धेचा नवा हंगाम तोंडावर आला की मुंबई, कर्नाटक, दिल्ली यांच्या पाठीराख्यांचा प्रश्न ठरलेला असतो : यंदा करंडक आपला का? लहान संघाच्या पाठीराख्यांचा प्रश्न निराळा असतो : यंदा आपण कुठवर जाऊ? या दुसऱ्या प्रश्नालाही इतिहास आहे. लहान संघाची आशा कशावर उभी असते, ती कोण पुरवते आणि ती पुरी झाली तर ती नेमकी कोणाची ठरते, हे आपण मुख्यतः विदर्भाच्या उदाहरणावरून पाहू.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. चेन्नईच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूर हा भाग २०११ मध्ये चेन्नई महापालिकेत आला. पुढे २०१८ मध्ये जिल्ह्याच्या सीमा बदलल्या आणि तो कांचीपुरम जिल्ह्यातून चेन्नई जिल्ह्यात गेला. म्हणजे सात वर्षांत तिथल्या रहिवाशाची महापालिका बदलली आणि जिल्हाही बदलला. पण तिथल्या एखाद्या होतकरू गोलंदाजाचा रणजी संघ आधीही तामिळनाडू होता, नंतरही तोच राहिला. प्रशासनाचा नकाशा आणि खेळाचा नकाशा एकाच गतीने बदलत नाहीत. कधी पहिला पुढे जातो आणि दुसरा जागीच राहतो, तर कधी पहिल्यात जागा न मिळालेला प्रदेश दुसऱ्यात ठळक दिसतो. विदर्भ हे या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण आहे.

प्रांत, संस्थाने आणि संघ

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि एका दिवसात निकाली निघाला. मद्रासच्या ए. जी. राम सिंग यांनी त्यात ११ बळी घेतले. त्या काळातील संघांची नावे वाचली तर ब्रिटिश हिंदुस्थानचा नकाशाच समोर येतो. मद्रास, मुंबई, संयुक्त प्रांत, मध्य प्रांत व वऱ्हाड असे प्रांत त्यात होते, तशीच म्हैसूर, हैदराबाद, बडोदा अशी संस्थानेही होती.

इथे ‘लहान’ या शब्दाचा अर्थ नीट ठरवून घ्यायला हवा. क्षेत्रफळ पाहिले तर मुंबईचा संघ एका महानगराचा आणि त्याच्या आसपासच्या भागाचा आहे. महाराष्ट्र या नावाने खेळणाऱ्या संघाचा प्रदेश त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. तरीही मुंबई मोठा संघ आणि महाराष्ट्र त्यामानाने लहान, असेच सगळे मानतात. क्लब, कार्यालयीन संघ, शालेय स्पर्धा, मैदाने आणि नोकऱ्या यांचे जाळे जिथे दाट, तो संघ मोठा. भूमीचा विस्तार आणि क्रिकेटची ताकद यांचा संबंध सरळ नाही.

महाराष्ट्राच्या संघानेही मोठे दिवस पाहिले आहेत. पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा करंडक जिंकला. यातला दुसरा विजय मद्रासमध्ये मद्रासविरुद्ध मिळवलेला होता आणि तेव्हा देवधरांची पन्नाशी जवळ आली होती. त्यानंतर महाराष्ट्राने १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली, पण तिन्ही वेळा पराभव पदरी आला. एका पिढीने जिंकलेला करंडक पुढच्या पिढीला आपोआप मिळत नाही, हे यातून लक्षात ठेवा.

होळकर संघ : राजाश्रयावर उभी राहिलेली आशा

लहान संघाने मोठ्यांच्या पंगतीत बसण्याचा एक मार्ग इंदूरने दाखवला. नागपूरला १८९५ मध्ये जन्मलेले सी. के. नायुडू १९२३ मध्ये होळकरांच्या निमंत्रणावरून इंदूरला गेले. त्यांना संस्थानच्या सैन्यात पद मिळाले. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांनीच १९३२ मध्ये केले. पुढे होळकर हा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत उतरला आणि त्याने जे केले त्याला तोड नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत हा संघ १० वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार करंडक त्याने जिंकले. मुश्ताक अली आणि चंदू सरवटे हे या संघाचे मोहरे होते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तरीही मुंबईने तो सामना ३७४ धावांनी जिंकला.

या यशाची यंत्रणा स्पष्ट होती. गुणी खेळाडू शोधायचा, त्याला नोकरी आणि मान द्यायचा आणि खेळायला मोकळीक द्यायची. हे सगळे एका दरबारामुळे शक्य होते. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. संघ आणखी काही वर्षे तग धरून राहिला. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदूरमध्येच झाला. मद्रासने तो ४६ धावांनी जिंकून आपला पहिला करंडक मिळवला आणि होळकर हे नाव त्यानंतर रणजी स्पर्धेतून नाहीसे झाले. हा संघ मैदानावर दुबळा झाला म्हणून संपलेला नाही. शेवटच्या हंगामातही तो अंतिम फेरीत होता. त्याला आधार देणारी राजकीय व्यवस्थाच उरली नाही, म्हणून तो संपला.

विदर्भ : राज्य नाही, संघ आहे

आता नागपूरकडे वळू. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती : आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशची. सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला आणि मराठी भाषकांच्या एकत्रित राज्यात विदर्भाला कोणते स्थान असेल याची कलमे ठरली. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र १९५५ मध्ये विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. नागपूरची राजधानी गेली. दरवर्षी भरणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेवढे उरले.

याच काळात, १९५७-५८ च्या हंगामात, ‘विदर्भ’ या नावाचा संघ रणजी स्पर्धेत खेळू लागला. म्हणजे राजकीय नकाशावर जे नाव स्वतंत्र राज्य म्हणून उमटले नाही, ते क्रिकेटच्या गुणतालिकेत उमटले. क्रिकेट संघ राज्याच्या मागणीतून निर्माण झाला असे इथे म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की ज्या प्रदेशाला विधानसभा नव्हती त्याला हंगाम होता, कर्णधार होता आणि इतर राज्यांच्या शेजारी छापले जाणारे नाव होते.

मात्र हे नाव तालिकेत वर चढायला फार वर्षे लागली. विदर्भाने पदार्पण केले त्याच्या पुढच्याच हंगामापासून, १९५८-५९ पासून, मुंबईने सलग १५ करंडक जिंकले. त्या मालिकेतला शेवटचा विजय १९७२-७३ मध्ये चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध होता. पद्माकर शिवलकरांच्या फिरकीपुढे तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. त्याच सामन्यात तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती पहिली हॅटट्रिक होती. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात विदर्भ मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे, मध्य प्रदेश यांच्याशी झगडत राहिला. २००२-०३ पासून स्पर्धेत एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले आणि विदर्भाच्या वाट्याला बहुतेक वर्षे प्लेट म्हणजे खालचा गट आला. नव्या हंगामाची अपेक्षाही तशीच बेताची असे. वरच्या गटात जाता आले तर उत्तम, एखाद्या मोठ्या संघाला रोखता आले तर आनंद, आणि एखाद्या खेळाडूकडे निवड समितीचे लक्ष गेले तर वर्ष सार्थकी लागले.

काय बदलले?

बदल एका हंगामात झाला नाही. तो तीन पातळ्यांवर दिसतो.

पहिली पातळी साधनांची. दूरचित्रवाणीचे हक्क आणि नंतर आयपीएल यांमुळे क्रिकेट मंडळाचे उत्पन्न वाढले आणि त्याचा वाटा राज्य संघटनांपर्यंत पोहोचू लागला. नागपूरजवळ जामठा येथे २००८ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. विदर्भ क्रिकेट संघटनेने निवासी अकादमी चालवून मुलांना लहान वयापासून एका शिस्तीत घडवायला सुरुवात केली. होळकरांच्या दरबाराने जे काम एका राजाच्या इच्छेने केले, ते काम आता एक संस्था करू लागली.

दुसरी पातळी उदाहरणाची. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेडा भागात वाढलेला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी संघात आला. विदर्भाकडून खेळत कसोटी खेळाडू झालेला तो पहिला. भारतीय संघात जायचे तर नागपूर सोडावे लागते, हा नायुडूंच्या काळापासूनचा समज त्याने खोटा ठरवला.

तिसरी पातळी बाहेरून आणलेल्या अनुभवाची. मंडळाच्या नियमानुसार संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. लहान संघासाठी हा नियम किती मोलाचा ठरू शकतो हे राजस्थानने दाखवले होते. १९६०-६१ पासून आठ अंतिम सामने हरलेल्या या संघाने २०१०-११ मध्ये प्लेट गटातून येऊन करंडक जिंकला, तोही पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली. पुढच्याच वर्षी त्याने चेपॉकवर तामिळनाडूला मागे टाकून तो राखला. विदर्भाने मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश यांना आणले आणि २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक नेमले.

२०१७-१८ चा हंगाम

फैज फजलच्या नेतृत्वाखालील या संघाने उपांत्यपूर्व सामन्यात केरळला ४१२ धावांनी हरवले. उपांत्य सामन्यात, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, कर्नाटकला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या. विदर्भाने तो सामना अवघ्या पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या वेगवान गोलंदाजाने सामन्यात १२ बळी घेतले.

अंतिम सामना दिल्लीविरुद्ध इंदूरला, होळकर स्टेडियमवर झाला. गुरबानीने पहिल्या डावात हॅटट्रिक घेतली. कल्याणसुंदरम यांच्यानंतर रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक. अक्षय वाडकरच्या १३३ धावांमुळे विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर रचला आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून सामना जिंकला. पदार्पणापासून सहा दशकांनी पहिल्यांदा अंतिम फेरी आणि त्याच फटक्यात करंडक. ज्या होळकर संघाला आधार देणारी व्यवस्था गेली, त्याचेच नाव धारण करणाऱ्या मैदानावर हे घडले. पुढच्या वर्षी विदर्भाने नागपूरला सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. त्या सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेने ११ बळी घेतले.

एका मताचा प्रश्न

आता मैदानाबाहेर पाहा, कारण खरा पणाला लागलेला प्रश्न तिथे होता. क्रिकेट मंडळाच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते जुलै २०१६ मध्ये मान्य केले. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत आणि गुजरातेतही तीन. तत्त्वानुसार प्रत्येक राज्यात एका वेळी एकालाच मत मिळणार होते. संघांना खेळण्याची मनाई नव्हती, पण बरोबरीचे सभासदत्व जाणार होते.

दोन्ही बाजू समजून घ्या. ईशान्येकडील एखाद्या राज्याला मत नसावे आणि एकाच राज्याला तीन मते असावीत, हा असमतोल खराच होता. दुसरीकडे, संघटना राज्याच्या सीमेआधीच्या इतिहासातून आलेल्या आहेत आणि त्यांनी आपापल्या भागात खेळ वाढवला आहे, हेही खरेच होते. ९ ऑगस्ट २०१८ च्या आदेशात न्यायालयाने हा दुसरा युक्तिवाद मान्य केला आणि विदर्भासह या संघटनांचे पूर्ण सभासदत्व परत दिले.

तारखांचा क्रम पाहा. २०१६ च्या आणि २०१८ च्या आदेशांच्या मधल्या काळात विदर्भाने पहिला करंडक जिंकला. विजयामुळे न्यायालयाचे मत बदलले असा निष्कर्ष काढू नका, तसा पुरावा नाही. पण संघटनेच्या अस्तित्वाची वैधता कागदावर तपासली जात असताना तिच्या नावाचा संघ विजेता ठरला. पाठीराख्यांना त्या हंगामाचे मोल अधिक का वाटले असेल, हे यावरून कळते.

‘आपला’ खेळाडू कोण?

२०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत गेला. वानखेडेवर मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले. कर्णधार वाडकरने शतक काढले, तरी १६९ धावांनी हार झाली. पुढच्या हंगामात विदर्भाने नागपूरला आधी तामिळनाडूला १९८ धावांनी आणि नंतर उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले. जामठ्याच्या अंतिम सामन्यात समोर होता पहिल्यांदाच तिथवर आलेला केरळ. सामना अनिर्णित राहिला. विदर्भाच्या ३७९ ला केरळने ३४२ ने उत्तर दिले आणि ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक घेतला. हर्ष दुबेने या हंगामात ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा नवा विक्रम केला.

या सामन्यातल्या दोन नावांवर थांबा. विदर्भाकडून पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा करुण नायर कर्नाटकचा. चेपॉकवर इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करूनही नंतर राज्याच्या संघात जागा गमावलेला हा फलंदाज विदर्भात येऊन पुन्हा उभा राहिला. आणि केरळकडून ७९ धावा करून विदर्भाला सर्वाधिक त्रास देणाऱ्यांपैकी एक होता नागपूरचाच आदित्य सरवटे. म्हणजे विदर्भाने बाहेरून अनुभव आणण्याचा जो मार्ग धरला, तोच केरळने धरला आणि त्यासाठी विदर्भात घडलेला खेळाडू नेला. कालपर्यंत आशा उसनी घेणारा संघ आज दुसऱ्याला ती देऊ लागला, हे त्याच्या मोठेपणाचे पक्के लक्षण मानता येईल.

आयर्लंडशी तुलना

हे भारतापुरतेच आहे का? आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल हा देशी खेळ काउंटी म्हणजे जिल्ह्यांच्या संघांमध्ये खेळला जातो. त्याची संघटना १८८४ मध्ये थर्लस या गावी स्थापन झाली. १९२१ मध्ये देशाची फाळणी होऊन सहा काउंटी ब्रिटनकडे राहिल्या, पण या खेळाने ३२ काउंटींचा जुना नकाशा सोडला नाही. अल्स्टर प्रांताची स्पर्धा आजही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नऊ काउंटींची आहे. इथेही राजकीय रेषा बदलली आणि खेळाची टिकली.

फरक खेळाडूंच्या बाबतीत आहे. तिथे खेळाडूंना मानधन नसते आणि पाहुणे विकत घेता येत नाहीत. सुमारे ३५ हजार लोकवस्तीच्या लीट्रिम काउंटीने आपल्या कॉनॉट प्रांताचे विजेतेपद दोनदाच मिळवले आहे : १९२७ आणि १९९४. या दोन विजयांमध्ये ६७ वर्षांचे अंतर आहे. लीट्रिमचा नवा हंगाम त्या वर्षी गावात किती चांगली मुले आहेत आणि त्यांतली किती कामासाठी परदेशी गेली यावर ठरतो. विदर्भाचा हंगाम अकादमी, निधी आणि करार यांवरही ठरतो. लीट्रिमची आशा पूर्णपणे स्वतःची आहे, म्हणून ती दुबळी आहे. विदर्भाची आशा मिश्र आहे, म्हणून ती फळाला आली.

सारांश

लहान संघाच्या आशेचे तीन आधार आपण पाहिले : दरबार, संस्था आणि गाव. दरबाराने होळकरांना दहा वर्षांत शिखर दाखवले, पण तो गेल्यावर संघ उरला नाही. गावाच्या आधारावर लीट्रिम टिकून आहे, पण त्याला विजय क्वचित मिळतो. संस्थेला वेळ लागतो. विदर्भाला सहा दशके लागली, मात्र तिथे एका कर्णधारानंतर दुसरा तयार होता. तसेच, खेळाचा नकाशा हा राजकीय नकाशाची नक्कल नसतो. त्यात जुन्या सीमा आणि अपुऱ्या राहिलेल्या मागण्याही जपलेल्या असतात.

विचार करा

१. होळकर आणि विदर्भ या दोन्ही संघांनी बाहेरचे खेळाडू घेतले. मग एकाचा वारसा टिकला नाही आणि दुसऱ्याचा टिकला, याची कारणे लिहा.

२. ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व तुमच्या मते न्याय्य आहे का? ईशान्येकडील राज्ये आणि विदर्भ या दोन्ही बाजूंनी युक्तिवाद मांडा.

३. तुमच्या गावाचा किंवा शहराचा जिल्हा, राज्य किंवा महापालिका गेल्या शंभर वर्षांत कितीदा बदलली ते शोधा. त्या काळात तिथला खेळाडू कोणत्या संघाकडून खेळत होता, याची नोंद घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून करा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहा आणि ते कुठे जुळत नाहीत ते लिहा.